दक्षिण अमेरिकेच्या क्रूझवर पेंग्विनची कोणती सहल निवडावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जानेवारीच्या मध्यास ब्युनोस आयर्सहून निघून पुएर्तो माद्रिन, फॉकलंड बेटांवरील स्टॅन्ली, उशुआया आणि पुंता अरेनास ही बंदरे घेत चिलीतील सान अंतोनियोला पोहोचणाऱ्या मोठ्या जहाजावर आपण दोघे आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे तिघे जाणार आहात. चारही बंदरांवर जहाजाच्या यादीत पेंग्विनच्या सहली आहेत, चारही घेणे परवडणारे नाही, आणि दोनच घ्यायच्या तर कोणत्या घ्याव्यात हे ठरत नाही. या भागात मराठी पर्यटकांचे गट नेण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, त्या आधारावर उत्तर आधीच देऊन टाकते. पहिली निवड स्टॅन्लीची ‘ब्लफ कोव्ह लगून’ आणि दुसरी पुएर्तो माद्रिनहून ‘पुंता तोम्बो’. उशुआया आणि पुंता अरेनास येथील सहलींचे पैसे आत्ता भरू नका. स्टॅन्ली हातची गेली तरच त्यांचा विचार करावा; विनाशुल्क रद्द करता येणारे आरक्षण तेवढे अपवाद. असे का, ते पुढे सविस्तर लिहिते.

माहितीपत्रकात प्रत्येक सहलीपुढे एकूण तास छापलेले असतात आणि लोक दराला त्या तासांनी भागून कोणती सहल स्वस्त पडते ते पाहतात. हा हिशोब फसवा आहे. पाहायची गोष्ट एकच, ती म्हणजे प्रत्यक्ष पक्ष्यांच्या सान्निध्यात किती वेळ मिळणार. उशुआयाहून बीगल सामुद्रधुनीतून जाणारी कॅटामरानची फेरी पाच ते सहा तासांची असते, पण पेंग्विनांच्या बेटासमोर बोट थांबते ती पंधरा-वीस मिनिटे, आणि आपण डेकवरच असतो. ब्लफ कोव्हची सहल त्याच्या निम्म्या वेळाची दिसते, परंतु त्यातला तास-दीड तास आपण वसाहतीच्या काठावर स्वतःच्या पायांवर उभे असतो. म्हणून जहाजाच्या सहल-कक्षाला किंवा स्थानिक संस्थेला पहिला प्रश्न हा विचारावा की वसाहतीजवळ नेमका किती वेळ मिळेल आणि तो जमिनीवर की बोटीवरून.

दुसरा मुद्दा जातीचा आहे. आपल्या मार्गावरील चारपैकी तीन बंदरांवर मुख्यतः एकच जात दिसते, मॅजेलॅनिक पेंग्विन. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आणलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत आणि मॅजेलॅनिक हे त्यांच्याच कुळातले, अगदी जवळचे भाऊबंद. हम्बोल्टच्या छातीवर एक काळा पट्टा असतो, मॅजेलॅनिकच्या छातीवर दोन. उंची साधारण साठ ते सत्तर सेंटिमीटर आणि आवाज गाढवाच्या ओरडण्यासारखा. हा पक्षी मोठ्या संख्येने मोकळ्या रानात पाहणे हा फार मोठा आनंद आहे, त्याबद्दल शंका नको. पण तो जमिनीत बीळ करून किंवा झुडपाखाली घरटे करतो, त्यामुळे काही ठिकाणी बिळाच्या तोंडाशी आलेले डोके तेवढे दिसते, आणि चार बंदरांवर चार वेळा तोच पक्षी पाहण्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. किंग आणि जेंटू या जाती मात्र उघड्या जमिनीवर वसाहत करतात. आपल्या मार्गावर त्या दोन्ही एका जागी निवांत दिसू शकतील असे बंदर स्टॅन्ली हेच आहे. फॉकलंडमध्ये पेंग्विनच्या पाच जाती प्रजनन करतात: किंग, जेंटू, मॅजेलॅनिक, रॉकहॉपर आणि थोड्या संख्येने मॅकरोनी.

महिन्याचा विचारही याच वेळी करावा. मॅजेलॅनिक पेंग्विन सप्टेंबरमध्ये किनाऱ्यावर येतात, ऑक्टोबरमध्ये अंडी घालतात, नोव्हेंबरच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात आणि एप्रिलपर्यंत बहुतेक पक्षी पुन्हा समुद्रात निघून जातात. आपण जाल तेव्हा, जानेवारीच्या उत्तरार्धात, पिल्ले अंगाने भरलेली, राखाडी लवेची आणि बिळाबाहेर डोकावणारी असतील. जेंटूंची पिल्ले त्या दिवसांत घरटी सोडून टोळक्याने उभी राहतात आणि समुद्रातून परतलेल्या आईबापांच्या मागे अन्नासाठी धावत सुटतात. पेंग्विनांच्या वसाहतीत याहून जिवंत दृश्य मी पाहिलेले नाही. किंग पेंग्विनचे चक्र निराळे आहे. त्यांना एक पिल्लू वाढवायला चौदा ते सोळा महिने लागतात, म्हणून त्यांच्या वसाहतीत वर्षभर कोणी ना कोणी असतेच: पायांवर अंडे धरून उभे असलेले पक्षी आणि शेजारी मागच्या हंगामातली, तपकिरी लव झडत आलेली थोराड पिल्ले. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये जाणाऱ्यांना बरेचसे मॅजेलॅनिक पक्षी पिसे झडताना दिसतील. त्या काळात ते पाण्यात उतरू शकत नाहीत आणि उपाशी उभे असतात, म्हणून त्यांना दचकवून पळवणे हे त्यांच्या जिवाशी खेळणे ठरते.

आता स्टॅन्लीकडे येऊ. तेथे निवडीसाठी प्रामुख्याने तीन जागा आहेत आणि त्यांत फार मोठा फरक आहे.

‘व्हॉलंटियर पॉइंट’ ही फॉकलंडमधील किंग पेंग्विनांची सर्वांत मोठी वसाहत. एकोणिसाव्या शतकात तेलासाठी झालेल्या शिकारीत या बेटांवरचे किंग पेंग्विन जवळजवळ नाहीसे झाले होते; आज तेथे एक हजाराहून अधिक जोड्या वाढताना दिसतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. जवळच जेंटू आहेत, मॅजेलॅनिक आहेत, लांबलचक पांढरा वाळूचा किनारा आहे. पण तेथवर पोहोचायला स्टॅन्लीहून जाताना सुमारे अडीच तास आणि येताना तितकेच लागतात, आणि त्यातला उत्तरार्ध रस्ता नसलेल्या, पाण्याने फुगलेल्या पीट जमिनीवरून, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ थरावरून, आहे. नांगरलेल्या ओल्या शेतातून तास-दीड तास जीप न्यावी तसा हा प्रवास होतो. पाठीचा, मानेचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी येथे जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगते. प्रवासाचे पाच तास आणि तेथील दोन तास मिळून सात झाले. त्यात टेंडर बोटीची, म्हणजे जहाजावरून किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान बोटीची, ये-जा आणि रांग धरली तर जहाज बंदरात किमान नऊ तास थांबणार असेल तरच हा बेत करावा. जहाज सकाळी आठला येऊन चारला निघणार असेल तर कोणी कितीही आग्रह केला तरी नको.

‘ब्लफ कोव्ह लगून’ ही खासगी शेतजमिनीवरची जागा स्टॅन्लीपासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. शेवटची पंधरा-वीस मिनिटे येथेही गाडी माळरानातून जाते आणि धक्के बसतात, परंतु ते सासूबाईंना सोसवतील इतपत असतात. तेथे सुमारे हजार जोड्यांची जेंटूंची वसाहत आहे आणि तिच्यालगत किंग पेंग्विनांचा लहानसा समूह आहे. किंगची संख्या व्हॉलंटियर पॉइंटच्या मानाने अगदी थोडी, हे आधीच समजून घ्यावे. परंतु छायाचित्रकार नसलेल्या माणसाला हजार किंग आणि वीस-पंचवीस किंग यांत समाधानाचा फरक फार पडत नाही असे मी अनेकदा पाहिले आहे, कारण डोळ्यांपुढे एका वेळी चार-पाचच पक्षी नीट मावतात. शिवाय किनाऱ्याजवळ एक छोटे उपाहारगृह आहे, जेथे चहा आणि घरी केलेले केक मिळतात. वारा झोंबू लागला की वयस्कर माणसाला आत बसता येणे ही या जागेची खरी सोय आहे. केकमध्ये अंडे असते, म्हणून सासूबाईंना ते चालत नसेल तर त्यांच्यासाठी जहाजावरून बंद पाकिटातली बिस्किटे घ्यावीत.

तिसरी जागा ‘जिप्सी कोव्ह’. ती गावापासून सहा-सात किलोमीटरवर आहे, तेथे बस जाते आणि खर्च नगण्य असतो. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धात पेरलेल्या सुरुंगांमुळे शेजारचा यॉर्क बे हा किनारा कित्येक वर्षे तारांनी बंद होता. नोव्हेंबर २०२० मध्ये बेटे सुरुंगमुक्त जाहीर झाल्यावर तो खुला झाला. जिप्सी कोव्हमध्ये आपण कड्यावरच्या पाऊलवाटेने चालतो आणि खाली, आजूबाजूच्या बिळांत, मॅजेलॅनिक दिसतात. जागा रम्य आहे, पण ‘पेंग्विनांचा थवा’ डोक्यात घेऊन जाणाऱ्यांची निराशा होते. ज्यांना स्टॅन्लीत मुख्यतः गाव, चर्च आणि संग्रहालय पाहायचे आहे त्यांनी जोडीला ही करावी.

आपणा दोघांना व्हॉलंटियर पॉइंटची फार ओढ असेल आणि जहाजाचे तास पुरेसे असतील, तर वेगळे होण्याचा मार्ग आहे. आपल्यापैकी एकाने तिकडे जावे आणि दुसऱ्याने सासूबाईंसोबत ब्लफ कोव्हला. सासूबाईंना एकट्या जहाजाच्या सहलीबरोबर पाठवून दोघांनी लांब जाणे मला योग्य वाटत नाही. टेंडर बोटीत चढताना-उतरताना त्यांना ओळखीचा हात लागेल.

स्टॅन्लीचा एक मोठा दोष आहे आणि तो लपवून सल्ला देणे बरोबर होणार नाही. मोठी जहाजे तेथे धक्क्याला लागत नाहीत. बाहेर पोर्ट विल्यम या आखातात नांगर टाकतात आणि प्रवाशांना टेंडर बोटींनी गावाच्या धक्क्यावर नेतात. वारा वाढला की कप्तान टेंडर थांबवतो, आणि कधी कधी बंदरच गाळून पुढे जातो. एक्कावन्न अंश दक्षिण अक्षांशावर, जेथे पश्चिमेचे वारे अडवायला जमीन जवळपास नाहीच, तेथे हे वारंवार घडते. त्यामुळे सगळी भिस्त स्टॅन्लीवर ठेवणे धोक्याचे आहे, आणि माझी दुसरी निवड याच कारणासाठी पुंता तोम्बो ही आहे.

पुएर्तो माद्रिनला जहाज लांब धक्क्याला थेट लागते आणि पुढचा सारा प्रवास रस्त्याने होतो, म्हणजे येथे वाऱ्याने बेत मोडण्याची शक्यता सर्वांत कमी. पुंता तोम्बो सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दक्षिणेला आहे. बसने अडीच ते तीन तास लागतात आणि पूर्ण दिवस जातो. १९७९ पासून हे राखीव क्षेत्र आहे आणि मॅजेलॅनिक पेंग्विनांच्या जगातील सर्वांत मोठ्या वसाहतींत त्याची गणना होते. डी बोअर्स्मा या अमेरिकन शास्त्रज्ञ १९८० च्या दशकाच्या आरंभापासून येथील पक्ष्यांचा अभ्यास करत आल्या आहेत, आणि पिल्लांवर पावसाचा व उष्णतेचा काय परिणाम होतो याविषयी आज जे कळले आहे त्यातले बरेचसे या एका जागेमुळे कळले आहे. आखून दिलेल्या वाटा आणि लाकडी पूल आहेत. पेंग्विन मात्र त्या वाटा स्वतःच्याच समजतात. पक्षी वाट ओलांडत असेल तर माणसाने थांबायचे, असा तेथील नियम आहे, आणि त्यामुळे एखादे जोडपे आपल्या बुटांपासून दोन हातांवरून जाते. इतकी जवळीक स्टॅन्लीलाही मिळत नाही. सासूबाईंना सहा तासांची बैठक जड वाटत असेल तर वाल्देस द्वीपकल्पावरच्या सान लोरेन्सो या शेतावरच्या वसाहतीची सहल यादीत आहे का ते पाहा. मात्र तोही प्रवास लांबचाच आहे, त्यामुळे अंतर वाचवायचे म्हणून नव्हे, गर्दी टाळायची म्हणून ती घ्यावी.

उशुआयाबद्दल थोडक्यात सांगते. बीगल सामुद्रधुनीतील मार्टिलो बेटावर मॅजेलॅनिक आणि जेंटू दोन्ही आहेत. बेटावर प्रत्यक्ष उतरण्याची परवानगी मोजकी असून एका वेळी वीसेक जणांचाच गट नेतात. हार्बर्टन या १८८६ साली वसलेल्या जुन्या शेतापर्यंत रस्त्याने जाऊन तेथून लहान बोट घ्यावी लागते. ही सहल उत्तम आहे, पण जागा कित्येक महिने आधी भरतात. जहाजाच्या यादीत बहुधा असते ती कॅटामरानची, न उतरता पाहण्याची फेरी. तिच्यात वाटेवरच्या खडकांवर काळेपांढरे पक्षी दाटीने बसलेले दिसतात आणि बोटीवर जल्लोष होतो. ते पाणकावळे असतात. डोंगर, दीपगृह आणि समुद्रसिंह यांसाठी ही फेरी अवश्य करावी, पण पेंग्विनांसाठी म्हणून करू नये.

पुंता अरेनासहून मॅजेलनच्या सामुद्रधुनीतील माग्दालेना बेटावर जाता येते. बेटावर तासभर मिळतो, दोरांनी आखलेल्या वाटेने दीपगृहापर्यंत चालायचे असते आणि दोन्ही अंगांना बिळांची दाटी असते. जागा अप्रतिम आहे. अडचण पुन्हा वाऱ्याची: बंदरात जहाज सुखरूप पोहोचले तरी सामुद्रधुनीत लहान बोटी सोडायच्या की नाही हे त्या दिवशी सकाळी ठरते. मोठ्या फेरीबोटीला जाताना दोन तास लागतात, वेगवान बोटींना त्याहून बराच कमी वेळ लागतो पण त्या अधिक आपटतात. स्टॅन्ली रद्द झाली तर त्याच संध्याकाळी जहाजाच्या सहल-कक्षात जाऊन माग्दालेनाच्या जागा शिल्लक आहेत का ते विचारावे. इतरही शेकडो प्रवाशांना तेच सुचणार असल्याने उशीर करू नये. काही जहाजे सहल एक-दोन दिवस आधीपर्यंत विनाशुल्क रद्द करू देतात. आपले जहाज तसे करत असेल, तर माग्दालेना आत्ताच आरक्षित करून स्टॅन्ली पार पडल्यावर सोडून देणे सर्वांत शहाणपणाचे.

सहल जहाजाची घ्यावी की परस्पर स्थानिक संस्थेची, यावर माझे मत जागेप्रमाणे बदलते. पुंता तोम्बोसारख्या लांबच्या रस्त्याच्या सहलीत गाडी बिघडली तर जहाजाच्या गटासाठी जहाज थांबते, परस्पर गेलेल्या तिघांसाठी थांबत नाही. म्हणून तेथे जास्त पैसे पडले तरी जहाजाचीच घ्यावी. स्टॅन्लीत जहाजाच्या सहलीवाल्यांना टेंडरमध्ये आधी जागा मिळते, हाही फायदा मोठा आहे. परस्पर ठरवायचेच असेल तर जहाजाने बंदर गाळल्यास पूर्ण पैसे परत मिळतील हे लेखी घ्यावे, आणि भेटीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे की स्थानिक, हे त्याच पत्रात विचारावे. आमच्याच एका गटाला एकदा एका मध्यस्थाने ‘पुढच्या खेपेस वापरा’ म्हणून पैशांऐवजी कूपन दिले होते. आयुष्यात एकदाच तिकडे जाणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो.

आपण असेही लिहिले आहे की थोडे अधिक पैसे भरून अंटार्क्टिकाला वळसा घालणारे जहाज घ्यावे, म्हणजे पेंग्विन तेथेच दिसतील, असे नातेवाईक सुचवत आहेत. पाचशेहून अधिक प्रवासी घेऊन जाणारी जहाजे अंटार्क्टिकात कोणालाही किनाऱ्यावर उतरवत नाहीत. सहल-संस्थांनी आपसांत पाळायचा तो नियमच आहे, आणि लहान जहाजांनाही एका जागी एका वेळी शंभरच माणसे उतरवता येतात. मोठ्या जहाजावरून हिमनग, देवमासे आणि दुर्बिणीतून हिमावरचे ठिपके दिसतील. ते दर्शन भव्य असते, पण पेंग्विनजवळ उभे राहण्याची इच्छा त्याने भागत नाही. त्या मार्गाच्या जहाजावरही किनाऱ्यावरचे पेंग्विन याच बंदरांवर भेटतील.

तयारीबाबत काही गोष्टी. जानेवारीत स्टॅन्लीचे तापमान दहा-पंधरा अंशांच्या आसपास असते. त्रास थंडीचा नसून वाऱ्याचा असतो. जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारे जाकीट, कान झाकणारी टोपी आणि ओल्या गवतात न घसरणारे बूट घ्यावेत. छत्री निरुपयोगी आहे. ऊन कोवळे वाटले तरी त्वचा भाजते, म्हणून मलम लावावे. जहाजावरून फळे, बिया, मध असे काहीही किनाऱ्यावर नेऊ नये. चिलीत याची तपासणी कडक असते आणि दंड होतो. २०२२ पासून दक्षिण अमेरिकेत आणि २०२३ पासून फॉकलंडमध्ये पक्ष्यांचा फ्लू आढळल्याने काही ठिकाणी बूट जंतुनाशकात बुडवायला सांगतात आणि एखादी वसाहत अचानक बंदही होते. हे कोणाच्या मर्जीचे नसते, तेव्हा वाद घालू नये. फॉकलंडमध्ये पक्ष्यांपासून सहा मीटर अंतर ठेवायचे असते. आपण खाली बसून स्वस्थ राहिलो आणि एखादा जेंटू आपणहून जवळ आला तर ती त्याची इच्छा. आपण मात्र छायाचित्रासाठी त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये कधीही उभे राहू नये, कारण पिल्लासाठी पोटात मासे घेऊन परतणारा पक्षी तेवढ्यानेही मागे फिरतो.

ब्लफ कोव्हला एका दिवशी नेता येणाऱ्या गाड्या मर्यादित आहेत, म्हणून आरक्षण आधी तिचे करावे आणि मग पुंता तोम्बोचे. दोन्हींच्या अर्जांत सासूबाईंचे वय आणि गुडघ्यांची स्थिती स्पष्ट लिहावी. तसे लिहिले तर स्टॅन्लीत त्यांना गाडीत पुढची जागा द्यायला चालक सहसा तयार असतात, आणि माळरानावरच्या त्या शेवटच्या वीस मिनिटांत पुढची जागा आणि मागची जागा यांत फार फरक पडतो.